टिळकांसाठी चालती वकिली सोडली. वऱ्हाडच्या दादासाहेब खापर्डेंची गोष्ट

अमरावतीत ऑटोवाल्याला खापर्डे बगीचा म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. पण दादासाहेब खापर्डे कोण, हे नव्या पोरांना विचारून पाहा!

जन्म १८५४ चा. वकिली जोरात आणि थाट असा की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाबच म्हणत. १९०८ मध्ये इंग्रजांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांसाठी दूर ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात धाडलं. दादासाहेबांनी वकिली सोडली, पत्नी लक्ष्मीबाई अन् लेकरं मागे ठेवली आणि बोटीनं लंडन गाठलं. दोन वर्षं अपील, अर्ज, खटपट. उपयोग शून्य.

१९१० मध्ये परतताना ते आधी घरी आले नाहीत. मंडालेला जाऊन टिळकांना तुरुंगात भेटले, मगच अमरावती. टिळक सुटायला १९१४ उजाडलं.