नोकरीतला कादंबरीकार : मुन्शी प्रेमचंद

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज बँकेत, टपाल खात्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करीत आहेत. माजी विद्यार्थी मेळाव्याला आले की त्यांतले एखाद-दोघे आम्हांला बाजूला घेतात आणि कादंबरी लिहायला घेतली होती, पण नोकरीपायी ती राहून गेली, अशी खंत बोलून दाखवतात. त्यांच्यासाठी या स्मरणिकेत एका मास्तरांचे चरित्र मांडावे असे आम्हांला वाटले.

प्रेमचंदांचे खरे नाव धनपतराय. ३१ जुलै १८८० रोजी वाराणसीजवळच्या लमही या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून होते. आई लहानपणीच वारली. वडील १८९७ साली गेले आणि घराचा भार या शाळकरी मुलावर आला. एका वकिलाच्या मुलाला शिकवून महिन्याला पाच रुपये मिळत, त्यांतले काही घरी पाठवावे लागत. एके दिवशी हातात काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी जपून ठेवलेले गणिताचे पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेऊन रुपयाला विकले. त्याच दुकानात एक मुख्याध्यापक बसलेले होते. त्यांनी चौकशी केली आणि चुनारच्या मिशन शाळेत अठरा रुपयांची नोकरी दिली. ते साल १८९९ होते. पुस्तक विकायला गेलेला तरुण मास्तर होऊन परतला.

पुढे सरकारी शाळेत नेमणूक झाली. बहराइच, प्रतापगढ, अलाहाबाद, कानपूर अशा बदल्या होत राहिल्या. याच धावपळीत, १९०३ पासून, ‘असरारे-मआबिद’ ही त्यांची पहिली उर्दू कादंबरी बनारसच्या एका साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. तेव्हा ते नवाबराय या नावाने लिहीत असत. लेखनाला वेळ होता तो शाळेआधीचा आणि शाळेनंतरचाच. ते परीक्षांनाही बसत होते. गणित हा त्यांचा कायमचा शत्रू. त्या एका विषयाने इंटरमिजिएट वर्षानुवर्षे अडवून धरली. गणित ऐच्छिक झाले तेव्हा कुठे ते १९१६ साली उत्तीर्ण झाले आणि १९१९ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, बी. ए. झाले. दहावीच्या गणितात अडलेल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

नोकरी आणि लेखणी यांची खरी गाठ पडली ती हमीरपूर जिल्ह्यात. तेथे ते शाळांचे दुय्यम उपनिरीक्षक होते. बैलगाडीतून गावोगाव हिंडून शाळा तपासायच्या, असे ते काम. त्याआधी १९०८ साली ‘सोजे-वतन’ हा त्यांचा पाच कथांचा संग्रह निघाला होता. त्यात देशप्रेम होते आणि सरकारच्या दृष्टीने तेवढे पुरे होते. नवाबराय कोण याचा छडा लागल्यावर कलेक्टरने त्यांना बोलावून घेतले. संग्रहाच्या शिल्लक प्रती जाळण्यात आल्या आणि यापुढे प्रत्येक ओळ आधी दाखवून मगच छापावी, असे बजावण्यात आले. नोकरी टिकवायची तर नाव सोडणे भाग होते. ‘जमाना’ मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी नवे नाव सुचवले : प्रेमचंद. ज्या नावाने आपण त्यांना ओळखतो, ते असे नोकरीच्या अडचणीतून जन्माला आले. सेवाशर्तींची कलमे आम्हां मास्तरांनाही पाठ असतात, म्हणून हा प्रसंग वाचताना आम्ही नेहमी थोडे थबकतो.

पण त्या फिरतीने त्यांना काय दिले, हेही पाहिले पाहिजे. पोटाचे जुने दुखणे तिने दिले, तसे गावही दिले. सावकार, पटवारी, कर्जात बुडालेला शेतकरी हे सारे पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत उतरले. गोरखपूरच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवीत असताना त्यांनी ‘सेवासदन’ लिहिली. हिंदी आवृत्तीचे साडेचारशे रुपये मिळाले आणि हिंदी जगात त्यांचे नाव झाले. नोकरी सुटली म्हणून ही कादंबरी झालेली नाही. ती नोकरीत असतानाच झाली.

तरीही तपासनिसाच्या बैलगाडीतून दिसलेले गाव हे गावाबाहेरच्या वस्तीचे गाव नव्हे, हे आम्हांला सांगितले पाहिजे. ‘ठाकुर का कुआँ’ आणि ‘सद्गति’ लिहिणाऱ्या या लेखकाबद्दल आम्हांला आदर आहे. पण ‘कफन’मधले कामचुकार बाप-लेक चांभार जातीचे दाखवल्याबद्दल दलित समीक्षकांनी घेतलेला आक्षेप आम्हांला निराधार वाटत नाही. ‘रंगभूमी’च्या प्रती तर २००४ साली दिल्लीत जाळल्या गेल्या. सहानुभूती आणि अनुभव यांत अंतर असते. त्या अंतरापलीकडचे लिहायचे काम त्या वस्तीतून आलेल्या लेखकांचेच आहे.

फेब्रुवारी १९२१ मध्ये गोरखपूरला गांधीजींची सभा झाली. वीस वर्षांहून अधिक काळची सरकारी नोकरी सोडावी की नाही, हा प्रश्न घरात उभा राहिला. मुले लहान, प्रकृती तोळामासा. पत्नी शिवरानीदेवींनी काही दिवस विचार केला आणि होकार दिला. शिवरानीदेवी बालविधवा होत्या. प्रेमचंदांनी १९०६ साली त्यांच्याशी विवाह केला होता.

राजीनाम्यानंतर लेखनाला मोकळा वेळ मिळाला असेल, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. पुन्हा शाळांतल्या नोकऱ्या आल्या. १९२३ साली काढलेल्या सरस्वती प्रेसने पैसा खाल्ला, ‘हंस’ आणि ‘जागरण’ यांनी कर्ज वाढवले. ते फेडण्यासाठी १९३४ साली ते मुंबईला अजंठा सिनेटोनमध्ये कथालेखक म्हणून आले. वर्षाला आठ हजारांचा करार होता. ‘मजदूर’ हा बोलपट त्यांच्या कथेवर निघाला. पण सिनेमाच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही आणि १९३५ साली ते बनारसला परतले. ‘गोदान’ या सगळ्या ओढाताणीतच लिहून झाली आणि १९३६ साली प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘मंगलसूत्र’ ही कादंबरी अपुरी राहिली. शिवरानीदेवींनी पुढे आपल्या पतीच्या आठवणी लिहिल्या. ‘प्रेमचंद घर में’ या नावाचे ते पुस्तक १९४४ साली निघाले. राजीनाम्याआधीचे ते विचाराचे दिवस आपल्याला कळतात ते त्या पुस्तकामुळेच.