पाने पिवळी का पडतात? – रोगनिदानाची वाट दाखवणारे एडविन बटलर

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळसारख्या उंचावरच्या गावातही आता घराच्या पडवीत, कार्यालयाच्या व्हरांड्यात अरेका पामच्या कुंड्या दिसतात. पाने पिवळी पडली की मोबाईलवर फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो, कोणते औषध फवारू? कृषी सहायक मित्रांनो, असे फोटो तुम्हालाही येत असतील. उत्तर देण्याआधी एका माणसाची ओळख करून घ्या. पाम वर्गातील झाडांच्या रोगांमागे हा माणूस भारतभर हिंडला. कृषी पदवीच्या परीक्षेत 'भारतीय वनस्पती रोगशास्त्राचे जनक कोण' या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण त्यांचे नाव पाठ करतो आणि पुढे विसरून जातो.

एडविन जॉन बटलर यांचा जन्म १८७४ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किल्की या गावी झाला. शिक्षण वैद्यकाचे. १८९८ मध्ये कॉर्क येथील महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, पण मन रमले पाण्यात आणि ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशींमध्ये. दवाखाना न थाटता ते पॅरिसला गेले आणि 'पिथियम' गटातील बुरशींचा अभ्यास करू लागले. रोपवाटिकेत मिरची-टोमॅटोची रोपे ज्यामुळे कोलमडतात, तोच हा गट.

१९०१ मध्ये ते भारत सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आले. पुढे काही काळ डेहराडूनला राहिले आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा येथील नव्या कृषी संशोधन संस्थेत मुख्य बुरशीशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. (१९३४ च्या भूकंपात ही इमारत पडली आणि संस्था दिल्लीला हलली. दिल्लीच्या संस्थेला लोक आजही 'पुसा' म्हणतात ते यामुळेच.) तुरीवरील मर रोगाची बुरशी त्यांनी शोधली, तिला नाव दिले. तुमच्या शेतात तूर ऐन फुलोऱ्यात उभ्याची वाळते, तेव्हा खोड उभे चिरून आतल्या काळपट रेषा पाहायला आपण सांगतो. ही बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढते. पान पिवळे पडते ते सगळ्यात शेवटी.

पामच्या रोगांकडे ते वळले ते गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशामुळे. आंध्रातील त्या भागात ताडाची झाडे मोठ्या संख्येने मरत होती. आपल्या पालघरच्या किनारपट्टीवर ताडीवर घर चालवणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथेही ताडापासून ताडी, गूळ, छपराला झावळ्या असे सगळे मिळत होते. बाहेरच्या झावळ्या बराच काळ हिरव्या दिसत, मधली सुरळी मात्र फिकी पडून कुजे आणि शेवटी शेंडाच गळून पडे. बटलर यांनी झावळ्यांचे देठ एकेक करून सोलले. बुरशी बाहेरच्या देठावरून आतल्या देठावर जात कोंबापर्यंत पोहोचते, हे त्यांना दिसले. १९०७ मध्ये त्यांनी तिला पाम खाणारी असे नाव दिले. आज आपण तिला 'फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा' म्हणतो. नारळावरील कोंबकुज हीच करते.

उपाय कठोर होता. रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळायचे. ताडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेले. ज्याचे पोट झाडावर आहे त्याला बाहेरून हिरवे दिसणारे झाड तोडायला सांगणे सोपे नसते. पण निदान पक्के होते आणि शेजारची झाडे वाचवायची होती, म्हणून सरकारने ही मोहीम राबवली.

त्रावणकोरात मात्र त्यांचा कस लागला. आजच्या केरळमधील कोट्टयम भागात १८८२ च्या महापुरानंतर नारळाला एक रोग दिसू लागला होता. पाती ढिली पडून आत वळतात, झावळ्या पिवळ्या होतात, कडा करपतात. झाड लगेच मरत नाही, पण उत्पन्न घटत जाते. बटलर यांनी बागा पाहिल्या, मुळे उकरली. मुळे कुजलेली सापडली. १९०८ च्या अहवालात त्यांनी पानांवरचे डाग दुय्यम ठरवून मुळांतील बुरशीकडे बोट दाखवले. रोगाच्या नावात आजही 'रूट' म्हणजे मूळ हा शब्द आहे.

पुढे पाऊणशे वर्षांनी, १९८० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या झाडांत फायटोप्लाझ्मा दिसला. हा अतिसूक्ष्म जीव झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि रस शोषणाऱ्या किडी तो पसरवतात. मुळांची कुज हा परिणाम होता, कारण नव्हते. बटलर यांच्याकडे तो जीव पाहायचे साधनच नव्हते. तरीही माझ्या मते त्यांचे काम वाया गेले नाही, कारण पानांवर फवारत बसू नका हे त्यांचे सांगणे बरोबर होते.

१९१८ मध्ये भारतातील पीकरोगांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. १९२० मध्ये ते इंग्लंडला परतले, क्यू येथील बुरशीशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले, १९३९ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता तुमच्या पडवीतल्या कुंडीकडे चला. आधी पिवळे काय झाले आहे ते पाहा. अरेका पामचे देठ मुळातच पिवळसर असतात, उन्हात ते जास्तच पिवळे होतात. तो रोग नाही. खालचे एखादे जुने पान पिवळे होऊन वाळणेही नैसर्गिक आहे. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोके असतील तर पालाश कमी आहे. अशी पाने घाईने कापू नका, झाड त्यातलाच पालाश नव्या पानांना पुरवत असते. जुन्या पानाची कड रुंद पिवळी आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे गुदमरलेली मुळे असतात. पानाखाली बारीक जाळी दिसली तर कोळी.

यानंतर कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. हे काम कोणी करत नाही, आणि सूर्यमाळला तेच सगळ्यात गरजेचे आहे. पावसाळ्यात तिथे हवा दमट, ऊन नाही, कुंडी आठवडाभर ओलीच राहते. तरी सवयीने रोज तांब्याभर पाणी घातले जाते. मुळे पांढरी, टणक असतील तर ठीक. तपकिरी, मऊ असतील आणि चिमटीत साल निसटून येत असेल तर कुजलेला भाग कापा, छिद्रे मोकळी करा, वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत पुन्हा लावा आणि वरची दोन बोटे माती सुकल्यावरच पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये, मोखाड्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते तेव्हा, पिवळेपणाचे कारण नेमके उलटे असू शकते.

मधली सुरळी हलकेच ओढून पाहा. ती हातात आली आणि घाण वास आला तर कोंबकुज आहे. ती कुंडी इतर झाडांपासून लगेच दूर न्या आणि झाड जाळून टाका. परसात नारळ असेल तर पावसाआधी त्याच्या शेंड्यात १ टक्का बोर्डो मिश्रण फवारून घ्या.