गणितज्ञाचे ताट

यंदा क्रॉस कंट्रीचा सराव सुरू झाला आणि माझ्या नडग्या दुखू लागल्या. पहाटेच्या पीटीनंतर जिना उतरताना कळ यायची. हाउसमधल्या एका सिनिअरने सांगितले, तू शाकाहारी आहेस, तुझी झीज भरून निघत नाही, प्रोटीन पावडर सुरू कर. मला ते लगेच पटले. दिवाळीच्या सुट्टीत बाबांकडे डब्याचे पैसे मागायचे, असे मी ठरवून टाकले.

त्याच सुट्टीत आम्ही तामिळनाडूला गेलो. तंजावरला भोसल्यांचा राजवाडा पाहिला आणि तिथून सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणमला जाऊन श्रीनिवास रामानुजन यांचे घर पाहिले. परत आल्यावर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. गणित समजून घ्यावे म्हणून वाचायला घेतले होते, पण माझ्या डब्याचे उत्तर मला त्यातच मिळाले.

सारंगपाणी मंदिराच्या गोपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे घर आहे. शास्त्र विद्यापीठाने ते जपून ठेवले आहे. घर अगदी लहान आहे. पुढे ओटा, आत रस्त्याकडे खिडकी असलेली खोली, मागे स्वयंपाकघर. रामानुजन यांचा जन्म 22 डिसेंबर 1887 रोजी इरोडला, आजोळी झाला, पण ते वाढले या घरात. वडील साड्यांच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्मल देवळात भजने म्हणत आणि घरात विद्यार्थी ठेवून संसाराला हातभार लावत. दोन वर्षांचे असताना रामानुजन यांना देवी आल्या होत्या, त्यातून ते वाचले. 1897 मध्ये प्राथमिक परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले आणि टाउन हायस्कुलात दाखल झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे हजारो सूत्रांचे पुस्तक मिळाले आणि त्यानंतर त्यांना दुसरे काही सुचेना. कागद महाग, म्हणून ते ओट्यावर बसून पाटीवर गणिते करत आणि कोपराने पुसत.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडली. जेवायची वेळ झाली तरी रामानुजन लिहीतच असत. मग आई भात कालवून त्यांना भरवत असे, म्हणजे त्यांचे लिहिणे थांबू नये. भात, सांबार, रसम, दही. घर गरीब होते, पण मुलगा उपाशीपोटी गणित करतो आहे, असे ती होऊ देत नसे.

पुढचा रस्ता सोपा नव्हता. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली, पण गणिताशिवाय इतर विषयांकडे लक्ष नसल्यामुळे ती गेली. 1906 मध्ये मद्रासच्या पाचय्यप्पा कॉलेजात नाव घातले. तिथे आमांशाने ते इतके आजारी पडले की घरी परतावे लागले. हा आमांश लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे. एफ.ए.ची परीक्षा त्यांना पास होता आली नाही. 1909 मध्ये जानकी यांच्याशी लग्न झाले. 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना 30 रुपयांवर कारकुनी मिळाली. जानेवारी 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना आपली सूत्रे पत्रातून पाठवली आणि त्यांचे आयुष्य बदलले.

17 मार्च 1914 रोजी ते बोटीने इंग्लंडला निघाले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात हार्डी आणि लिटलवुड यांच्यासारखे गुरू मिळाले, पण जेवणाचे हाल झाले. रामानुजन कडक शाकाहारी होते. कॉलेजच्या भोजनगृहात बटाटे डुकराच्या चरबीत तळले जातात, असे कानावर आले तेव्हापासून ते आपल्या खोलीत स्वतःच रांधू लागले. मसाले आणि चिंच घरून टपालाने येत.

त्याच काळात केंब्रिजला शिकत असलेले प्रशांतचंद्र महालनोबिस एकदा त्यांच्या खोलीवर गेले. हेच महालनोबिस पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक झाले. रामानुजन तव्यावर भाजी हलवत होते. महालनोबिस यांनी एका मासिकातले कोडे वाचून दाखवले. रस्त्यावरच्या घरांना 1, 2, 3 असे नंबर आहेत. एका घराच्या डावीकडच्या सगळ्या नंबरांची बेरीज उजवीकडच्या नंबरांच्या बेरजेइतकी आहे. घरे 50 पेक्षा जास्त आणि 500 पेक्षा कमी आहेत, तर ते घर कोणते? रामानुजन यांनी भाजी हलवता हलवताच असे सूत्र सांगितले की त्यातून या कोड्याची सगळी उत्तरे मिळतात. इथले उत्तर आहे 288 घरांपैकी 204 नंबरचे घर. मी बेरीज करून पाहिली, दोन्हीकडे 20,706 येतात.

ही गोष्ट वाचून सगळे सूत्राचे कौतुक करतात. मी त्या तव्याचा विचार करत बसलो. जो मुलगा आईच्या हातचा भात खात गणित करायचा, तो आता एकटा होता. त्यांना कामाची भूल इतकी पडे की कधी तीस-तीस तास सलग काम करत आणि मग वीस तास झोपत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यात जेवणाची वेळ कोण पाळणार? ऑगस्ट 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले. जर्मन पाणबुड्या बोटी बुडवू लागल्या, इंग्लंडमध्ये अन्नाची टंचाई झाली आणि 1918 मध्ये रेशनिंग आले. शाकाहार त्यांना कुंभकोणममध्ये पुरत होता, कारण तिथे रोजचे पूर्ण ताट होते. केंब्रिजमध्ये शाकाहार राहिला, ताट मात्र अर्धे झाले.

1917 मध्ये ते गंभीर आजारी पडले. डॉक्टरांना आधी जठराचा व्रण वाटला, मग क्षय वाटला. एकामागून एक सॅनेटोरियम झाली. आजारपणातही काम चालूच होते. हार्डी टॅक्सीचा 1729 हा नंबर सांगत भेटायला आले, ती प्रसिद्ध गोष्ट याच काळातली. दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे, हे रामानुजन यांनी अंथरुणातून सांगितले. 1918 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि त्याच वर्षी ट्रिनिटीचे फेलोही झाले. मार्च 1919 मध्ये ते मुंबईत उतरले तेव्हा शरीर पार खंगले होते. शेवटचे वर्ष जानकी यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या वर्षात त्यांनी मॉक थीटा फलनांवर जे काम केले, त्यावर गणितज्ञ आजही अभ्यास करतात. 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासला त्यांचे निधन झाले. वय 32.

आता तो आमांश. 1994 मध्ये डॉ. यंग या संशोधकांनी रामानुजन यांच्या आजाराची जुनी कागदपत्रे पुन्हा तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की आजार बहुधा क्षय नव्हता, तर यकृतात शिरलेला अमीबा होता. आमांशानंतर तो जंतू शरीरात कित्येक वर्षे दडून राहू शकतो. त्या काळीही या आजारावर उपचार होता, पण आजार ओळखला तरच.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक खाली ठेवले. कितीही चांगला आहार दिला असता तरी न ओळखलेला आजार त्याने बरा झाला नसता. आणि मी काय करत होतो? एम.आय. रूममध्ये गेलो तर टीममधून काढतील, या भीतीने मी नडग्यांचे दुखणे पाच आठवडे लपवले होते. पावडर मला झीज भरायला नको होती, मला ती न सांगण्यासाठी हवी होती.

सुट्टीवरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एम.आय. रूममध्ये गेलो. नडगीच्या हाडावर ताण आला आहे, पळण्याचे अंतर एकदम वाढवल्यामुळे हे होते, असे डॉक्टरांनी सांगितले. तीन आठवडे पळणे बंद. यंदा टीममध्ये मी नाही. वाईट वाटले, पण जिना आता न दुखता उतरतो.

मग मी माझ्या ताटाचा हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेप्रमाणे 13 ते 15 वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम आणि 16 ते 18 वर्षांच्या मुलाला 55 ग्रॅम प्रथिने लागतात. आमच्या मेसमध्ये दोन पेले दुधातून साधारण 13 ग्रॅम, डाळ आणि उसळीतून 20, आठ पोळ्यांतून 24 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 7 ग्रॅम मिळतात. बेरीज 64. पोळीतल्या प्रथिनात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते पोळीत, म्हणून दोन्ही एकत्र खायची. गडबड एवढीच होती की मी रात्रीचे दूध मित्राला देत होतो आणि उसळ ताटात ठेवून उठत होतो.

व्हे पावडर म्हणजे काही विष नाही. दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली प्रथिने वाळवून ती बनवतात. डॉक्टरांनी सांगितले तर जरूर घ्यावी, एफएसएसएआयचा क्रमांक पाहून घ्यावी. पण डब्यात बंदी असलेले काही मिसळलेले निघाले आणि तपासणीत सापडले, तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, हेही माहीत असावे.

बाबांकडे मी पैसे मागितले नाहीत. आईला मात्र फोन केला आणि शेंगदाण्याचे लाडू पाठव म्हटले. रामानुजन यांच्या घरातल्या त्या छोट्या स्वयंपाकघराची आठवण झाली, एवढेच तिला सांगितले.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी