चित्रकार सावळाराम हळदणकर

हातांत दिवा घेऊन उभ्या असलेल्या एका स्त्रीचें चित्र तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. दुसऱ्या हातानें तिनें ज्योतीला आडोसा केला आहे, आणि बोटांच्या कडा उजेडानें तांबूस झाल्या आहेत. आमचें खापरखेडें म्हणजे औष्णिक केंद्राचें, विजेचें गांव. तरी त्या लहानशा दिव्यापुढें आम्ही थबकतों. हें चित्र कोणाचें असें पुसलें असतां लोक बहुधा राजा रविवर्मा यांचें नांव घेतात. परंतु रविवर्मा १९०६ सालीं वारले, आणि हें चित्र त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं रंगविलें गेलें. ज्यांचें तें आहे त्यांचें चरित्र आज थोडक्यांत देत आहों.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ सालीं सावंतवाडी येथें झाला. लांकडी खेळणीं व गंजिफा रंगविणाऱ्या कारागिरांमुळें तें गांव प्रसिद्ध आहे. पुढें ते मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिकावयास गेले. त्या वेळीं तेथें सेसिल बर्न्स हे मुख्य असून रावबहादुर धुरंधर शिक्षक होते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा छायाप्रकाशासह हुबेहूब उतरविणें, ही त्या शाळेची शिस्त होती. आणि हळदणकरांनीं तीच जन्मभर चालविली. १९०८ सालीं त्यांनीं मुंबईंत स्वतःची कलासंस्था काढली. १९१८ सालीं आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तेही होते. व्यक्तिचित्रें ते तैलरंगांत काढीत, पण त्यांचें खरें बळ जलरंगांत होतें असें आम्हांस वाटतें.

याचें कारण सांगितलें पाहिजे. तैलरंगांत चूक झाली तर रंग खरवडून पुन्हां लावतां येतो. जलरंगांत ती सोय जवळजवळ नाहींच. तेथें कागदाचा पांढरेपणा हाच उजेड; तो आधींच राखून ठेवावा लागतो, आणि एकदां झांकला गेला म्हणजे परत मिळणें कठीण. दिव्याचें चित्र जलरंगांत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शिवाय चेहऱ्यावर उजेड सहसा वरून किंवा बाजूनें पडतो. येथें तो खालून येतो. खालचा उजेड चेहऱ्याला भेसूर करितो, हें कंदील हातीं घेऊन रात्रीं वाट चाललेल्या कोणासही कळेल. हळदणकरांनीं तोच उजेड घेऊन चेहरा शांत ठेविला. आमच्या मतें साऱ्या चित्रांतील अवघड काम तें हेंच.

त्यांच्यापुढें दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची कन्या गीता. व्यक्तिचित्राची नित्याची रीत तीच, माणूस समोर आणि डोळा त्याच्यावर. फरक इतकाच कीं येथें माणूस घरचें होतें.

१९६८ सालीं हळदणकर निवर्तले. गीताबाईंनीं मात्र शंभरी पाहिली, आणि हें चित्र आपल्या वडिलांचें आहे, असें लोकांस सांगावयास त्या दीर्घ काळ होत्या. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील संग्रहालयांत आहे. तिकडे कोणी गेलाच तर त्यानें तें जवळून पाहावें, आणि ज्योतीभोंवतीं कागद किती कोरा राहिला आहे तें न्याहाळावें.