हवेचा अवरोध मोजणारे बेंजामिन रॉबिन्स

बेंजामिन रॉबिन्स यांचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधील बाथ या गावी एका गरीब क्वेकर कुटुंबात झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. परंतु स्वतःच्या अभ्यासाच्या बळावर त्यांनी गणितात प्रावीण्य मिळवले. लंडनमध्ये गणिताच्या शिकवण्या करून ते चरितार्थ चालवीत. अवघ्या विसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

हवेसारख्या विरळ पदार्थाचा जड गोळ्याला फारसा अडथळा होत नाही, असे त्या काळी तोफखान्यातील जाणकार मानीत. रॉबिन्स यांना हे पटेना. मात्र गोळीचा वेग मोजण्याचे खात्रीचे साधनच उपलब्ध नव्हते. ते त्यांनी स्वतः घडवले. त्यांनी एक जड लंबक टांगला व त्यावर लाकडी फळी बसवली. गोळी फळीत रुतली की लंबक मागे झुले आणि त्याला जोडलेली फीत ओढली जाई. फितीच्या लांबीवरून झोका कळे व झोक्यावरून वेगाचे गणित मांडता येई. लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवून त्यांनी वाटेत गोळीचा वेग किती घटतो हेही पाहिले. सेकंदाला सुमारे १७०० फूट वेगाने सुटलेली गोळी हवा नसती तर १७ मैल गेली असती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नसे! १७४२ साली त्यांनी हे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. थोर गणिती ऑयलर यांनी १७४५ मध्ये त्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले.

मंद वेगासाठी रॉबिन्स यांनी फिरत्या दांड्याचे यंत्र तयार केले. दोरीला टांगलेले वजन खाली उतरले की आडवा दांडा गरगर फिरे. त्याच्या टोकाला वस्तू बसवून आणि नंतर ती काढून, सारख्याच वेगासाठी किती वजन लागते हे ते पाहत. या दोन वजनांतील फरकावरून अवरोध कळे. समोरचे क्षेत्रफळ सारखे असूनही आकार बदलला की अवरोध बदलतो, हे त्यातून सिद्ध झाले. १७४६ साली त्यांना कॉप्ली पदक मिळाले.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे प्रमुख अभियंता म्हणून ते १७५० मध्ये भारतात आले. येथील किल्ल्यांची तटबंदी बळकट करण्याचे काम त्यांच्याकडे होते. परंतु तापाने त्यांची प्रकृती खालावली आणि २९ जुलै १७५१ रोजी कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात त्यांचे निधन झाले. वयाची पंचेचाळिशीही त्यांना गाठता आली नाही.

१८०४ साली जॉर्ज केली यांनी अशाच फिरत्या दांड्यावर पंखांचे प्रयोग केले व विमानविद्येचा पाया घातला. तोफगोळ्यांच्या अभ्यासासाठी जन्मलेले साधन अशा रीतीने मानवाच्या उड्डाणाच्या कामी आले.