प्लेगची लस देणारे हाफकिन कोणत्या देशाचे?

विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात औषधांचा विषय निघाला की ‘हाफकिन’ हे नाव कानावर पडते. परळच्या ज्या संस्थेमुळे ते आपल्याला ठाऊक झाले, तिला नाव देणारे वाल्डेमार हाफकिन जन्माने भारतीय नव्हते आणि इंग्रजही नव्हते.

रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात १८६० मध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. धर्म बदलल्याशिवाय तिथे प्राध्यापकी मिळणे अशक्य होते. त्यांनी देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयात साहाय्यक म्हणून काम करता करता त्यांनी पटकीची लस शोधली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते ब्रिटिश नागरिक झाले. १८७० च्या कायद्यानुसार परकीयाला त्यासाठी ब्रिटनमधील पाच वर्षांचे वास्तव्य किंवा तितकीच सरकारी नोकरी लागे. गृहमंत्र्यांचे प्रमाणपत्र मिळाले तरी राजनिष्ठेची शपथ घेतल्यावरच ते लागू होई.

मात्र, कागद हाती आला तरी परकेपण गेले नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. परका आणि ज्यू असल्यामुळे त्यांच्याविषयी आधीच आकस होता, असे अनेक अभ्यासक मानतात. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरल्याचे पुढे समोर आले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा ते दोषमुक्त झाले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आज परकीयाला भारताचे नागरिकत्व १९५५ च्या कायद्याने मिळते. सर्वसाधारणपणे अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्यापूर्वीच्या १४ वर्षांपैकी एकूण ११ वर्षे भारतात वास्तव्य लागते. शिवाय चांगले चारित्र्य आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान हवे. त्यात मराठीही आली. विज्ञानासारख्या क्षेत्रात असामान्य सेवा करणाऱ्यासाठी मात्र केंद्र सरकार या अटी शिथिल करू शकते.