डॉ. शं. पु. आघारकर आणि सह्याद्रीतील जेलीफिश

दहावीचे विद्यार्थी प्राणिवर्गीकरणात शरीराची सममिती शिकतात : स्पंज बहुधा असममित, जेलीफिश व तारामासा अरीय, गांडूळ, मासा व मानव द्विपार्श्व. हुडकेश्वरच्या या विद्यालयात इतिहास शिकवताना आम्हाला वाटत आले, की या पाठाजवळचे एक मराठी नाव मुलांस ठाऊक असावे.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. सह्याद्रीत वनस्पती व प्राण्यांचे नमुने जमवीत असता, १९११ च्या सुमारास, कृष्णेच्या उपनद्यांत त्यांना छत्रीच्या आकाराचे चिमुकले, पारदर्शक जीव आढळले. ते जेलीफिश होते. समुद्रकाठी जन्मलेल्या आघारकरांना जेलीफिश अनोळखी नसावा. पण घाटातील गोड्या पाण्यात?

या जीवाला डोके नाही, डावे-उजवे नाही. मधोमध तोंड आणि काठाभोवती शुंडके. भक्ष्य कोणत्याही दिशेने आले तरी त्याला सारखेच. फ्रान्सच्या क्युव्हिए यांनी १८१७ मध्ये असे सारे गोलाकार प्राणी एकाच गटात घातले होते. पुढे कळले, की ताऱ्यामाशाची डिंभावस्था द्विपार्श्व असते, आणि त्याची अंतर्रचनाही जेलीफिशहून अगदी निराळी आहे. तेव्हा गट मोडावा लागला. नुसत्या रूपावरून कुळ ठरवणे विज्ञानालाही भोवले!

आघारकरांचा जेलीफिशही बारकाईने तपासावा लागला. तोवर केवळ आफ्रिकेतच ज्ञात असलेल्या लिम्नोक्निडा प्रजातीचा तो निघाला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अॅनन्डेल यांनी त्याचे लिम्नोक्निडा इंडिका असे नामकरण केले. नावात देश आला, शोधकर्ता आला नाही.

आघारकर मात्र वनस्पतिशास्त्राकडे वळले. १९१४ मध्ये कोलकाता विद्यापीठात त्यांची घोष प्राध्यापकपदी नेमणूक झाली. अभ्यासासाठी ते जर्मनीत गेले, तोच महायुद्ध पेटले. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून ते तेथे स्थानबद्ध झाले. तरीही १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. १९४६ पर्यंत त्यांनी कोलकात्यास अध्यापन केले. त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली व ते तिचे संस्थापक-संचालक झाले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

१९९२ पासून तिची संशोधन संस्था आघारकरांच्या नावे ओळखली जाते. नामसाधर्म्यामुळे पुष्कळांना ती सुधारक आगरकरांची वाटते. गंमत अशी, की ती गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच आहे.